ऑइल फिल्टरच्या दोन रिंगा: सर्व्हिसिंगनंतर बसलेलं इंजिन आणि भरपाईचा हिशेब

हे प्रकरण कुठल्याही एका गॅरेजचं नाही. सर्व्हिसिंगनंतर इंजिन बसल्याच्या, म्हणजे निकामी झाल्याच्या, तक्रारींमध्ये जो घटनाक्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो एका गाडीवर मांडला आहे. रकमा हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. तांत्रिक कारणं आणि कायद्याच्या तरतुदी मात्र जशाच्या तशा आहेत.

पुण्यातल्या एका गाडीधारकानं आपली १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक घराजवळच्या मल्टिब्रँड गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली. गाडी ६२,००० किलोमीटर चाललेली, इंजिनाची आधी कसलीही तक्रार नाही. ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले, ब्रेक साफ केले. बिल ४,८५० रुपये झालं, पैसे यूपीआयनं दिले. दोन दिवसांनी साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ इंजिनातून खटखट ऐकू येऊ लागली. घाटात कडेला थांबायला जागा नव्हती. जागा मिळेपर्यंत गाडी साधारण दीड किलोमीटर पुढे गेली आणि मग इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर डिपस्टिक कोरडी, आणि गाडीचं पोट पुढून मागपर्यंत ऑइलनं माखलेलं.

गॅरेजला फोन लावल्यावर उत्तर आलं, "साहेब, काही काळजी करू नका, टोचन करून आमच्याकडेच पाठवून द्या, आम्ही बघतो." बोलणं आपुलकीचं होतं. पण हे ऐकून गाडी परत पाठवली असती तर पुढचं सगळं प्रकरण तिथेच संपलं असतं. नुकसान कशामुळे झालं याचा पुरावा गाडीतच होता, आणि तो पुरावा पाच मिनिटांत एका पान्यानं नाहीसा करता येतो.

नेमकं काय घडलं होतं

बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांचा ऑइल फिल्टर डब्यासारखा असतो आणि इंजिनाच्या ब्लॉकवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. त्याच्या तोंडाशी खाचेत एक रबरी रिंग असते आणि तीच ऑइल अडवते. हजारो किलोमीटर गरम होऊन रबर कडक होतं. आधीच्या वेळी रिंगेला ऑइलचा हात न लावता फिल्टर बसवला असेल किंवा पान्यानं करकचून आवळला असेल, तर जुना फिल्टर काढताना त्याची रिंग ब्लॉकच्या बैठकीला (फिल्टर टेकतो त्या सपाट जागेला) चिकटून राहते. काळ्या बैठकीवर काळी रिंग घाईत दिसत नाही. मग नवा फिल्टर तिच्यावरच चढतो आणि एका खाचेच्या जागी दोन रिंगा एकमेकींवर येतात.

नव्या रिंगेला धरून ठेवणारी खाच असते, ब्लॉकला चिकटलेल्या जुन्या रिंगेला मात्र काहीच नसतं. गॅरेजमध्ये एक मिनिट आयडलवर, म्हणजे रेस न देता, इंजिन चालवलं तेव्हा गळती दिसली नाही. गरम इंजिनात आयडलला ऑइलचा दाब साधारण एक बार (दाबाचं माप) असतो. चढावर तीन-साडेतीन हजार आरपीएमला तोच दाब तीन-चार बारपर्यंत जातो. तेवढ्या दाबानं एक रिंग बाजूला सरकली की ऑइल पंप स्वतःच सगळं ऑइल बाहेर फेकतो. इंजिनात तीन लिटरच्या आसपास ऑइल असतं, ते संपायला काही मिनिटं पुरतात.

अनेक चालकांचा समज असतो की लाल दिवा म्हणजे ऑइल कमी झाल्याची सूचना. बहुतांश गाड्यांत तो दिवा दाबाचा असतो. तो लागतो तेव्हा क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) आणि त्याला टेकू देणारं बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पातळ थर आधीच तुटत आलेला असतो. दिव्यानंतरचं प्रत्येक मिनिट महाग पडतं, आणि भरपाईच्या वेळी याच मिनिटांवर वाद होतो.

चूक टाळण्याचं काम अगदी छोटं आहे. काढलेला फिल्टर उलटा धरून त्याची रिंग त्याच्यावरच आहे का पाहायचं. बैठकीवरून कापड आणि बोट फिरवायचं. नव्या रिंगेला ऑइलचा हात द्यायचा. रिंग टेकल्यावर फिल्टर हातानं सुमारे पाऊण फेरा आवळायचा, नेमका आकडा बहुधा डब्यावरच छापलेला असतो. मग इंजिन सुरू करून खालून बॅटरी मारून पाहायचं, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघायची. एवढं केलं असतं तर ही चूक झालीच नसती. ग्राहक आयोगासमोर "निष्काळजीपणा" दाखवायला म्हणूनच हा प्रकार तुलनेनं सोपा आहे, कारण एका बैठकीवर दोन रिंगा असण्याचं दुसरं कुठलंही निर्दोष कारण नाही.

रस्त्याच्या कडेला, पहिल्या अर्ध्या तासात

इंजिन पुन्हा सुरू करू नये. "एक लिटर ऑइल टाकून बघू चालतंय का" हा सल्ला रस्त्यावर हमखास मिळतो. तो ऐकल्यानं बेअरिंगची उरलीसुरली हानी पूर्ण होते, शिवाय ऑइल किती उरलं होतं हे पुढे कधीच सांगता येत नाही.

फोटो या क्रमानं घ्यावेत: किलोमीटरचा आकडा दिसणारा डॅशबोर्ड, कोरडी डिपस्टिक, वरून दिसेल तेवढा फिल्टर आणि त्याभोवतीचं ऑइल, गाडीचं पोट, रस्त्यावर मागे पडलेली ऑइलची रेघ. सलग व्हिडिओ घेतला तर अधिक चांगलं, कारण फोटो दुसऱ्याच गाडीचा असल्याचा आक्षेप नंबर प्लेटपासून सुरू झालेल्या व्हिडिओवर टिकत नाही. मूळ फाइली फोनमध्ये तशाच ठेवाव्यात, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या प्रतीत तारीख-वेळेचा तपशील राहत नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडावं.

गाडी फ्लॅटबेडवरून (गाडी पूर्ण वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून) न्यावी आणि टोइंगची पावती घ्यावी. पावतीवर कुठून कुठे, किती वाजता आणि "इंजिन बंद अवस्थेत उचलली" हे लिहून घ्यावं. हे शेवटचे शब्द पुढे खूप कामाला येतात.

तपासणी: कोणी, कधी, कोणासमोर

या प्रकरणात गाडी गॅरेजकडे न जाता कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली आणि "काहीही उघडू नका" असं जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी गॅरेजला व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल आणि स्पीड पोस्ट, तिन्ही मार्गांनी एकच मजकूर गेला: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी फिल्टर काढला जाईल, आपण किंवा आपला माणूस हजर राहावं, न आल्यास तपासणी आपल्या गैरहजेरीत होईल. तीन दिवसांची मुदत दिली. संयुक्त पाहणीची ही सूचना भरपाईच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे. ती दिली नाही तर समोरचा हमखास म्हणतो, "आमच्या मागे काय काय केलं ते आम्हाला काय माहीत?"

तपासणीसाठी विमा नियामकाचा परवाना असलेला सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) खाजगीरीत्या बोलावला, फी ५,००० रुपये. त्यानं फिल्टर काढण्याआधी बाजूनं मोजपट्टी लावून फोटो काढले. फिल्टर आणि बैठक यांच्यातली फट नेहमीपेक्षा जास्त होती आणि रबराचा एक तुकडा बाहेर डोकावत होता. डबा आणि ब्लॉक या दोन्हींवरून एक सलग रंगाची रेघ ओढून मग फिल्टर फिरवला. नव्या फिल्टरवर त्याची मऊ रिंग होती, ब्लॉकवर दुसरी, कडक झालेली, चपटी रिंग चिकटलेली होती. दोन्ही वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत घालून, पिशव्यांच्या तोंडावर चिकटपट्टी लावून, पट्टीवर आडव्या सह्या घेतल्या.

पुढच्या नोंदी दुसऱ्या कारणांना बाद करण्यासाठी होत्या, आणि बहुतेक तक्रारदार नेमक्या याच विसरतात. ड्रेन प्लग घट्ट, त्याचं वॉशर शाबूत. ऑइल पॅनवर (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यावर) दगडाचा घाव किंवा तडा नाही. पॅनमधून निघालेलं ऑइल मोजून जेमतेम ४०० मिलिलिटर. त्यानंतर पॅन उतरवला. एका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग शेलवरचा थर पुसल्यासारखा वितळून सरकलेला, क्रँकवर ओरखडे आणि तापल्याचा निळसर रंग. बाकीचे शेल साधारण स्थितीत. गाडी जुनी म्हणून झिजली असती तर सगळ्याच शेलवर सारखी, सावकाश झालेली झीज दिसली असती. ऑइल एकाएकी तुटल्याची खूण वेगळी असते.

अधिकृत वर्कशॉप दुसऱ्या गॅरेजविरुद्ध लिहून द्यायला कचरतात. "चूक कोणाची ते लिहा" असा आग्रह धरला की ते काहीच लिहीत नाहीत. "फिल्टरच्या बैठकीवर दोन सीलिंग रिंगा आढळल्या, ऑइल ४०० मिलिलिटर मिळालं" एवढं निरीक्षण मात्र ते जॉबकार्डवर सहज नोंदवतात. तेवढं पुरतं. निष्कर्ष सर्व्हेअरच्या अहवालात येऊ द्यावा.

गॅरेजचे बचाव आणि त्यांचं वजन

गॅरेजमालक पाहणीला आले आणि रिंगा पाहून गप्प झाले. तरी नंतर तीन मुद्दे पुढे आलेच.

पहिला मुद्दा बिलाच्या तळाला छापलेल्या ओळीचा होता: "काम झाल्यावर कोणतीही जबाबदारी राहणार नाही." अशी ओळ निष्काळजीपणाला झाकत नाही. एकतर्फी आणि ग्राहकाचं नुकसान करणाऱ्या अटी अनुचित करारात मोडतात आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये त्याची व्याख्याच दिलेली आहे. अनुचित करारातली अशी अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगांकडे आहे. जिल्हा आयोगासमोर मात्र मुख्य भर सेवेतल्या त्रुटीवरच ठेवावा.

दुसरा मुद्दा, फिल्टर ग्राहकानं स्वतः आणून दिला होता. या गाडीत तसं नव्हतं, पण असतं तरी फरक पडला नसता. फिल्टर सदोष निघाला असता तर प्रश्न वेगळा होता. जुनी रिंग काढणं हे बसवणाऱ्याचं काम आहे.

तिसरा मुद्दा खरा होता: दिवा लागल्यावर दीड किलोमीटर गाडी का चालवली? हे झटकून टाकण्यासारखं नाही. ऑइल गेलं ते गॅरेजमुळे, पण लगेच इंजिन बंद केलं असतं तर कदाचित बेअरिंग वाचलं असतं. घाटात कडा नव्हती आणि मागून ट्रक येत होते, हे उत्तर वाजवी आहे, आणि तिथला नकाशा आणि फोटो जोडून ते दाखवता येतं. तरीही थोडी कपात मान्य करण्याची तयारी ठेवलेली बरी. दिवा पाहूनही कोणी वीस किलोमीटर गाडी रेटली असेल, तर भरपाईचा मोठा भाग हातचा जातो, आणि ते न्याय्यच आहे.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. गाडी गॅरेजच्या ताब्यात असताना पोचा पडला, काच फुटली किंवा टेस्ट ड्राइव्हमध्ये धडकली, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ मधल्या निक्षेपाच्या, म्हणजे वस्तू विश्वासानं दुसऱ्याच्या ताब्यात देण्याच्या, तरतुदी लागू होतात. कलम १५१ प्रमाणे सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी गॅरेजनं घ्यायची असते, आणि ती घेतली हे दाखवण्याचा भार गॅरेजवर येतो. म्हणूनच गाडी देताना चारही बाजूंचे फोटो आणि किलोमीटरचा आकडा जॉबकार्डवर असावा. आपल्या प्रकरणात गाडी परत मिळून दोन दिवस उलटले होते, त्यामुळे पुरावा देण्याचं ओझं गाडीमालकावर आलं. रिंगांच्या त्या दोन पिशव्या म्हणूनच इतक्या मोलाच्या ठरल्या.

विम्याकडून इथे काही मिळत नाही. नेहमीच्या पॉलिसीतून यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिन प्रोटेक्टचं वाढीव कवच बहुधा पाणी शिरल्यानं किंवा खालून मार लागून ऑइल गळल्यानं झालेल्या नुकसानीसाठी असतं, सदोष कामासाठी नसतं. पोलिसांत जाऊनही उपयोग नाही, हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे.

मागणीचा हिशेब

क्रँकशाफ्ट, बेअरिंग शेलचा संच, एक कनेक्टिंग रॉड, ऑइल पंप, गॅस्केट किट, ऑइल, कूलंट आणि मजुरी धरून वर्कशॉपचा अंदाज ७८,००० रुपये. टोइंग ६,५००. सर्व्हेअर ५,०००. गाडी बंद असतानाचा प्रवास, बिलांसह, ९,०००. मूळ बिलातून फक्त ऑइल आणि फिल्टरच्या कामाचे ३,०००. एकूण १,०१,५०० रुपये. ब्रेक सफाईचे पैसे परत मागितले नाहीत, कारण ते काम नीट झालं होतं. अशा छोट्या प्रामाणिकपणानं बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास वाढतो. मानसिक त्रासासाठी लाखांची मागणी घालणारे पुष्कळ असतात. त्यानं समोरचा तडजोडीपासून दूर जातो आणि आयोगही बहुतेकदा माफक रक्कमच देतो.

नोटिशीत तारखा, किलोमीटर, तपासणीतली निरीक्षणं, हिशेब आणि पंधरा दिवसांची मुदत एवढंच होतं. वकील लावला नाही. ग्राहक आयोगासमोर वकिलाची सक्ती नाही आणि तक्रारीआधी नोटीस देणंही कायद्यानं बंधनकारक नाही, पण दिलेली नोटीस नेहमी उपयोगी पडते. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली.

गॅरेजनं नकार दिला असता तर वाट अशी होती: कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार. २०१९ च्या कायद्यात आयोगाची पातळी आणि शुल्क आपण मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं. इथे मोजले होते ४,८५० रुपये. जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंतचे व्यवहार पाहतो आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. गाडी टॅक्सी म्हणून चालवणाऱ्यांना "व्यावसायिक वापर, म्हणून ग्राहक नाही" असं सांगितलं जातं. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः गाडी चालवणारा मात्र ग्राहकच धरला जातो.

निकालाची वाट पाहत गाडी तशीच उभी ठेवू नये. तपासणी झाली, सुटे भाग सीलबंद झाले की दुरुस्ती करून घ्यावी आणि काढलेला क्रँक व शेल जपून ठेवावेत. महिनोन्महिन्यांचं पार्किंग आणि टॅक्सीचं भाडं "टाळता येण्याजोगं नुकसान" म्हणून नाकारलं जाऊ शकतं.

तडजोड

नोटीस पोचल्यावर गॅरेजमालकांनी आधी वेगळाच प्रस्ताव ठेवला: "आम्ही हाफ इंजिन टाकून देतो, तुम्हाला एक रुपया पडणार नाही." हे आकर्षक वाटतं, पण नीट विचारावं. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉकसह खालचा भाग, आणि इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो. भंगार बाजारातून आलेला ब्लॉक कुठल्या गाडीचा, त्या गाडीचं पुढे काय झालं, हे माहीत नसेल तर आपल्या आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नाही. मग गाडी विकताना, विम्याचा दावा करताना आणि नाकाबंदीतही अडचण येते. ब्लॉक बदलायचाच असेल तर पक्कं बिल, आरटीओकडे आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, तिन्ही हवं. गाडीमालकानं प्रस्ताव नाकारला आणि मूळ ब्लॉक ठेवून अधिकृत वर्कशॉपमध्येच काम करण्यावर ठाम राहिला.

शेवटी दीड किलोमीटरच्या मुद्द्यावर दुरुस्तीच्या रकमेतून १५ टक्के, म्हणजे ११,७०० रुपये, गाडीमालकानं सोडले. प्रवासखर्च निम्मा केला, तिथे ४,५०० गेले. राहिले ८५,३००, ठरले ८५,०००. पैकी ५०,००० वर्कशॉपचं काम सुरू होण्याआधी, ३५,००० गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी, दोन्ही बँकेतून.

करार शंभराऐवजी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर झाला, कारण महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेचे मुद्रांक अशा कामांना चालत नाहीत. त्यात दोन गोष्टी आवर्जून घातल्या. "पूर्ण समाधान झालं" ही सही दुसरा हप्ता जमा झाल्यावरच द्यायची. आणि दुसरा हप्ता ठरल्या तारखेपर्यंत आला नाही तर गाडीमालकाला उरलेल्या रकमेसाठी आयोगाकडे जाण्याची मुभा राहील. रिंगांच्या पिशव्या तोवर गाडीमालकाच्याच ताब्यात राहिल्या.